दादा अजून शिडीवरच

दुपारी पावणेतीनला रडारच्या पडद्यावर पश्चिमेकडे एक हिरवा ठिपका उठला आणि वीस मिनिटांत लालभडक झाला. सकाळपासून जमीन तापलेली, हवा दमट. ती गरम हवा वर चढत होती. ढगाचा माथा सहा किलोमीटरवरून बारावर गेला होता. हवामान कार्यालयात तिची अकरा वर्षं गेली होती, पण अशा ढगाच्या वाटेत तिचा दादा चालवायचा ती क्रेन पहिल्यांदाच आली होती.

आधी तिने सगळ्या शहरासाठी इशारा पाठवला. मग बांधकामावरच्या सुपरवायझरला फोन लावला.

"दादाला लगेच खाली उतरवा."

"ताई, इथे तर ऊन आहे. ढग कुठे लांब दिसतोय."

"वीज ढगापासून दहा किलोमीटरवरही पडते. आणि पावसाआधी वारा येतो. ढगातली थंड हवा खाली आदळली की चहूकडे सुटते. पंधरा मिनिटं आहेत तुमच्याकडे."

त्याने वॉकीटॉकीवर निरोप दिला. दादाचं उत्तर तिलाही ऐकू आलं. "तिच्या ऑफिसने पाऊस सांगितला की मी कपडे वाळत घालतो. बरं, उतरतो."

साठ मीटरची शिडी. पडद्यावर ढगाच्या पुढे एक बारीक रेघ सरकत होती. तोच वारा.

"निम्म्यावर आलाय," सुपरवायझर म्हणाला. मग, "ताई, तो परत वर चाललाय."

"का?"

"घाईत ब्रेक सोडायचा राहिला. क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा लागतो, नाहीतर अख्खी क्रेन आडवी होईल. खालची माणसं अजून बाहेर काढतोय मी."

रेघ बांधकामावर पोचली. फोनमध्ये आधी पत्रे वाजले, मग नुसता घोंघाट, मग काहीच नाही.

तिने पुन्हा लावला. लागेना. तेवढ्यात दक्षिणेला दुसरा ठिपका उठला. त्याचाही इशारा लिहायचा होता. तिने लिहिला, त्यात वेळ दोनदा चुकीची टाकली.

सत्तावीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी आहे," दादा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "ब्रेक सोडला, पण उतरायला वेळच मिळाला नाही. शिडीला पट्टा बांधून बसलो. वीज समोरच्या टाकीवर पडली. जरा मोठ्याने बोल, कान सुन्न झालेत."

"आता वर जाऊ नकोस. दुसरा येतोय."

"नाही जात. आणि ऐक, आईला सांगू नकोस."