जहाजावर गेलेला तुंबा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो, चोरखमाऱ्याच्या तलावावरचा. माझ्या दहा गोष्टींत साडेनऊ थापा असतात, हे आधीच कबूल करतो. म्हणजे उरलेली अर्धी तरी तुम्ही खरी मानाल.

चिचगडच्या जंगलात मी मोहाचं झाड होतो. इतका उंच, की ढग माझ्या फांद्यांत अडकायचे आणि माकडं त्यांना ढकलून पुढे पाठवायची. एका वादळात मी पडलो. माझ्या नावाड्याच्या, यादोरावच्या वडिलांनी मला पोकळ तासलं आणि पाण्यात सोडलं. मग मी जाळी वाहिली, शिंगाडे वाहिले, एकदा तर पोहून दमलेला वाघ पलीकडे सोडला. उतरताना त्याने शेपटी हलवून राम राम केला.

पण यादोरावबद्दल मी थाप मारत नाही. असा नावाडी मी दुसरा पाहिला नाही. लहान मूल डोंग्यात बसणार असलं, की तो आधी त्याच्या पाठीला तुंबा बांधतो. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. तो माणसाला बुडू देत नाही. त्याशिवाय यादोराव दोर सोडतच नाही, मग पोर पाटलाचं असो की स्वतःचं.

ही रीत इतकी पक्की कशी झाली, ती माझी खरी अर्धी गोष्ट. त्याचा मुलगा ओमेश तेव्हा सात वर्षांचा होता. शिंगाडे काढायची घाई होती आणि तुंबा घरीच राहिला. ओमेश वाकला आणि मी कललो. यादोरावने उडी मारून त्याला केसांना धरून वर काढलं. मी कललो होतो, मित्रांनो. ही थाप असती तर किती बरं झालं असतं!

तोच ओमेश आता गोंदियात नोकरी करतो. या उन्हाळ्यात तो मुलीला, टीनाला, घेऊन गावी आला. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर बायको-मुलीला न्यायचं, असं त्याच्या मनात होतं. कंपन्या दोन होत्या. काठाला बांधलेल्या माझ्यातच बसून निवड सुरू झाली.

"आबाजी, याच्यावर पाण्याची मोठ्ठी घसरगुंडी आहे! आणि स्विमिंग पूल!" टीनाने मोबाईल पुढे केला.

"समुद्रावर पानी कायले नेऊन राहिले ते?" यादोरावने विचारलं.

मग तो म्हणाला, "तुमी जा. पोरगी नाई जात."

टीनाचं तोंड एवढंसं झालं. तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

काठावर जाळं शिवत बसलेली तिची आजी शामकला कडाडली, "नुसतं नाई नाई काऊन करून राहिले? फोन लावा न् पुसा ना!"

ओमेशने पहिल्या कंपनीला फोन लावला. यादोराव मोबाईलवर ओणवा झाला. "पोट्टं पान्यात पडलं तं पयले कोन उडी मारते?"

"सर, ऐसा कुछ होता ही नहीं. बच्चों के लिए बहुत बड़ी स्लाइड है," पलीकडची मुलगी म्हणाली.

"कट कर," यादोराव म्हणाला. "कोनी पडतच नाई म्हंते, म्हंजे पाहाले कोनी बसलं नसन."

दुसऱ्या कंपनीच्या माणसाला यादोरावने तोच प्रश्न विचारला. त्याने नीट सांगितलं. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांचा जीव वाचवायचा सराव होतो. मुलांची लाइफ जॅकेटं त्यांच्या मापाची, वेगळी असतात. स्विमिंग पूलवर जीवरक्षकाचा पहारा असतो. "उसके बिना जहाज़ की रस्सी नहीं खुलती, बाबा."

यादोराव टीनाकडे वळला. "याच्यावर घसरगुंडी हाये का?"

"आहे. पण एवढीशी."

"चालन तुले?"

टीनाने मान डोलावली.

"मंग हेच जहाज. पन तुंबा संगं जाईन."

"बाबूजी, लोक हसतील!" ओमेश म्हणाला.

"हासू दे. तुह्या वक्ती कोनी हासलं नव्हतं."

ओमेशने माझ्या खुंटीवरचा तुंबा काढून काखेत घेतला.

आठवड्याने टीना परत आली ती धावतच. सरावाच्या वेळी तिने जॅकेटवर तुंबा बांधला होता म्हणे. जहाजाच्या मोठ्या साहेबांनी तो हातात तोलून पाहिला आणि चार खलाशांना बोलावून दाखवला. कोणी हसलं नाही. इथे मी माझ्याकडून एक शब्दही वाढवलेला नाही.

संध्याकाळी तिला फिरवायला यादोरावने मला तयार केलं. टीनाच्या पाठीला तुंबा बांधला आणि दोराला हात घातला.

"थांबा! तुमचा तुंबा कुठे आहे?" टीनाने विचारलं.

"माहा? मी तं नावाडी हावो, बाई."

"तिथे साहेबसुद्धा जॅकेट घालतात."

साठ वर्षांत यादोरावने स्वतःला तुंबा बांधला नव्हता. त्याने शामकलाकडे पाहिलं. तिने जाळ्यातून मान वर न करता दुसरा तुंबा पुढे सरकवला. टीनाने त्याच्या पाठीवर गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि मगच दोर सोडला.

त्या संध्याकाळी मी जरासुद्धा कललो नाही.

मित्रांनो, जहाज मोठं निवडा की लहान, दोर सुटायच्या आधी यादोरावचा प्रश्न जरूर विचारा. आणि जो तुमची काळजी घेतो, त्याच्या पाठीकडेही एकदा बघा.

आणि हो, त्या वाघालासुद्धा तुंबा बांधला होता. बांधून घेताना तो थोडा गुरगुरला, एवढंच.