आबांचे गुडघे

भूपेंद्रने मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि लाल बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी. एक्केचाळीस सामने झाले. एकोणीस जिंकले, बावीस हरले. अर्धा सीझन संपला, आता आपल्या हेरॉन्सबद्दल खरं खरं बोलायची वेळ आली."

हेरॉन्स हा अमेरिकेतला बास्केटबॉलचा संघ. भूपेंद्र राहायचा डिंडोलीच्या दोन खोल्यांत, साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइन्स कॉम्प्युटरवर काढायचा, आणि अमेरिका त्याने टीव्हीतच पाहिलेली. तरी हेरॉन्स हरले की दिवसभर त्याला जेवण गोड लागत नसे. नाशिकपासून इंदूरपर्यंतच्या तीनशे मराठी चाहत्यांचा एक ग्रुप होता. दर वर्षी जानेवारीत तिथे भूपेंद्रच्या या व्हिडिओची वाट पाहिली जायची, आणि त्याला स्वतःला त्याचं भारी अप्रूप होतं.

समोरच्या खाटेवर त्याचे वडील भाईदास तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी कडोदऱ्याच्या कारखान्यात कापड विणायचे लूम चालवले. त्या खडखडाटात कान गेले. नवरात्रात गुडघ्यांनीही हात टेकले, काम सुटलं, आणि कारखान्याच्या खोलीतून ते कायमचे या खाटेवर आले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून भूपेंद्र त्यांच्यासमोर फोनवर काय वाट्टेल ते बोलायचा.

सकाळचे सामने मात्र बापलेक शेजारी बसून बघत. संघातला सगळ्यात वयस्कर खेळाडू मोझली, अडतीस वर्षांचा, दाढी पांढरी. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबा म्हणाले होते, "हाऊ मन्हासारखा शे." भूपेंद्रने ते ग्रुपवर सांगितलं आणि मोझलीचं नाव सगळ्यांनी आबाच पाडलं. खाटेवरचे आबा या बारशावर इतके खूश झाले की रोज सकाळी टीव्ही लागायच्या आधीच विचारायचे, "आबा खेळस ना आज?"

"आता आबा," भूपेंद्र मोबाइलला म्हणाला. इथे लोक हसणार हे त्याला ठाऊक होतं. "आबाचं करायचं काय? गुडघे गेलेत. उठताना भिंत धरतो, 'अरे देवा' म्हणतो. बसल्या जागी खातो आणि कोपरा अडवून बसतो. मग नव्या माणसाने पाय पसरायचे कुठे? लहानशा घरात माणसं मावणार किती? मान राखायचा म्हणून किती दिवस ठेवायचं? गावाला पाठवून द्या आता."

त्याचं त्यालाच हसू आलं. समोर शेंगा सोलणारे हात थांबलेले त्याने पाहिले. संपल्या असतील, असं त्याला वाटलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. 'आबाला गावाला पाठवा' हे जो तो लिहीत सुटला. भूपेंद्रने ते बायकोला वाचून दाखवलं. नूतन हसली नाही.

"आबा म्हणजे तो खेळाडूच ना?" तिने विचारलं.

"मग दुसरं कोण?" म्हणताना त्याचा आवाज उगाच चढला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी भूपेंद्रने टीव्ही लावला तेव्हा खाट रिकामी होती. अंथरूण गॅलरीत, पाण्याच्या ड्रमशेजारी नीट घडी करून ठेवलेलं, आणि आबा मफलर गुंडाळून तिथेच स्टुलावर बसलेले.

"पहाटे उठून घेऊन गेले," नूतन म्हणाली. "म्हणे, तिथं हवा चांगली येते."

जानेवारीतली हवा. भूपेंद्रला ते विचित्र वाटलं, पण सामना रंगात आला होता. मोझलीला तर सूर गवसला होता. पोरांच्या डोक्यांवरून उड्या मारून तो चेंडू काढत होता. जाहिराती लागल्या तसा भूपेंद्र आबांना बोलवायला उठला आणि गॅलरीच्या दारातच थबकला.

खाली गल्लीत उखाकाका उभे होते. आबांच्या शेजारच्या लूमवर जन्म काढलेला माणूस, हातात दुधाची पिशवी. त्यांचे ओठ हलत होते, आवाज अजिबात नव्हता. पहिल्या मजल्यावरून आबांचेही ओठ तसेच हलले. उखाकाका हसले. मध्ये एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तरी दोघांच्या बोलण्यात खंड पडला नाही.

लहानपणी डबा घेऊन कडोदऱ्याला गेला की भूपेंद्रने हेच पाहिलेलं होतं. कान फाटतील असा खडखडाट, आणि त्यात सगळा कारखाना मजेत गप्पा मारतोय, नुसत्या ओठांनी. चार लूम पलीकडचा माणूस शेटला काय शिव्या देतोय, ते आबा त्याला हसत हसत सांगायचे. ते आपण कसं विसरलो?

काल मोबाइलकडे तोंड करून तो बोलत होता, आणि मोबाइलच्या बरोबर मागे आबा होते. शब्द न् शब्द त्यांनी वाचला होता.

तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आबा, काल मी तं त्या खेळाडूबद्दल बोली ऱ्हायंतू."

आबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग उघड्या दारातून टीव्हीकडे. सामना पुन्हा सुरू झाला होता. मोझलीने उंच उडी घेतली आणि अलगद दोन्ही पायांवर उतरला.

"माहीत शे," आबा म्हणाले. "पन त्यान्हा गुडघा तं चांगला शेतस."

भूपेंद्रला शरमेने मान वर करवेना. मोझलीच्या गुडघ्यांना कधी काही झालंच नव्हतं. त्याचं बोट दुखावलं होतं, नेम चुकत होता, एवढंच. एक्केचाळीस सामने पाहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. भिंत धरणं इथलं होतं, 'अरे देवा' इथलं होतं, कोपराही याच खोलीतला. नवरात्रापासून मनात साचलेलं त्याने दुसऱ्याच्या नावावर तीनशे लोकांना ऐकवलं होतं आणि वर त्यांना हसवलंही होतं.

नूतन आत भाकरी थापत होती. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणं चाललं होतं. भूपेंद्रने मान वर केली आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "चुकलं मन्हं."

आबांनी ते वाचलं. त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी सावकाश हात उचलून कानामागे धरला.

"जोरमा बोल," ते म्हणाले. "माले ऐकू येत नही."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. भूपेंद्रने आवाज चढवून तेच पुन्हा म्हटलं.