तिकडलीचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी बारव आहे. घाटनांदूरकडे जाणाऱ्या वाटेला, एका लिंबाजवळ मी जमिनीत खोल उतरले आहे. पाथरवटांनी काळ्या दगडात मला घडवलं, तेव्हा लोक लांबून बघायला येत.

मला नाव आहे, पण गावात ते कुणी उच्चारत नाही. माझ्या तळाशी साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात आणि नाव घेणाऱ्याला हाक मारून खाली नेतात, असा समज. म्हणून मी सगळ्यांची नुसती ‘तिकडली’. खरं सांगते, मी कधी कुणाला हाक मारली नाही. पण भर दुपारी तळातून बायकांची कुजबुज येते. त्या कोण, मला ठाऊक नाही. मलाही भीती वाटते.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, मी आटले नाही. बौद्ध वस्तीला तोवर माझी पायरी बंद होती. त्या वस्तीतली तरुण भिमाबाई सगळ्यांदेखत खाली उतरली आणि तिनं घागर बुडवली. मला फार बरं वाटलं. पुढे नळ आले. लोकांनी माझ्यात कचरा ढकलला, वेड्या बाभळींनी मला झाकलं, मीही कोरडी पडले.

मग सहकारी साखर कारखान्याचा रस्ता रुंद करायचं ठरलं. त्याची जनसुनावणी लिंबाखालीच भरली. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “रस्त्यात काही जुनं येतंय का? असेल तर नाव सांगा, रस्ता वळवू. नसेल तर खड्डेखुड्डे मुरमानं बुजवून टाकू.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सोसायटीचे चेअरमन उत्तरेश्वरराव चाचरत म्हणाले, “हाय एक... तिकडली.”

“तिकडली म्हणजे कुठली?”

“म्हंजे... तिकडलीच की!”

साहेब हसले. “म्हणजे काही नाही.”

तेवढ्यात म्हातारी भिमाबाई काठी टेकत उठली. “कावून गप बसलाव? पाणी पितानी भ्याला न्हाईत! हिनं माजी लेकरं जगवली. सायेब, त्या बाभळीत बारव हाय, आसरांची बारव तिचं नाव. लई जुनी.”

वारा पडला. लिंबावरचे कावळे गप्प झाले. आणि माझ्या कोरड्या तळातून कितीतरी बायकांचा एकच आवाज वर आला, “भिमाबाईऽऽ...”

चेअरमन खुर्चीसकट मागे सरले. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. भिमाबाई आसरा मानत नव्हती, पण हाक तिनंही ऐकली होती. ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “थांबा गं बायांनो. आदी तुमचं घर वाचू द्या.”

रस्ता मला वळसा घालून गेला.

मित्रांनो, तुमच्या शिवारातही अशी एखादी मुकी तिकडली असेल. कुणी विचारायला आलं, तर तिचं नाव मोठ्यानं सांगा. भीती वाटली तरी सांगा. आणि खालून हाक आलीच, तर ‘थांबा गं’ म्हणा. त्या थांबतात.