चौकटीत न बसलेले सासरे

मी माझ्या सासऱ्यांची नोकरी घालवली, त्या दिवशी ऑफिसात माझं भरपूर कौतुक झालं.

आमची कंपनी इस्पितळांच्या चादरी धुते. सासरे तिथे वाळवणीच्या यंत्रावर तीस वर्षं आहेत. मी बिघाड-विश्लेषणाला आठ महिन्यांपूर्वी लागले. माझं काम सांगायला सोपं. यंत्र कशाचं बनलंय ते विसरायचं, ते काय काय करतं तेवढं लिहायचं. एका कामाला एक चौकट. हवा तापवणे. ड्रम फिरवणे. ओल बाहेर टाकणे. कपड्यांतून झडलेले तंतू साफ करणे. मग एकेका चौकटीवर बोट ठेवून विचारायचं, हे झालंच नाही तर? मी कंपनीच्या ड्रॉइंगवरून बेचाळीस चौकटी काढल्या आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

साहेबांनी तक्ता भिंतीवर लावला.

"मॅडम, यात तुमचे सासरे कुठे आहेत?"

शोधले. नव्हते.

"मग ते दिवसभर करतात काय?"

"बसतात," मी म्हणाले. आजही ती जीभ चावावीशी वाटते. एक तारखेपासून त्यांना घरी बसवायचं ठरलं.

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मागे आठवडाभराच्या रजेत सासऱ्यांनी मिक्सर उघडला, दोन कपाटांची दारं अदलाबदल करून बसवली आणि बेलचा आवाज 'सुधारला'. तेव्हापासून दारात कुणी आलं की आम्ही सगळे दचकतो.

"हा संसार त्यांच्या ड्यूटीवर टिकलाय," त्या म्हणाल्या. "चौकट नाही तर काढ एक. पेन्सिल तुझ्याच हातात आहे ना?"

खोटी चौकट मी काढणार नव्हते. खरी सापडते का ते बघायला दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर जाऊन बसले. सासरे खुर्चीत पेंगत होते. वीसेक मिनिटांनी उठले, तंतू अडवणाऱ्या जाळीचं झाकण उघडलं, मूठभर तंतू काढून पोत्यात टाकले आणि परत बसले.

"बाबा, हे काम हवेचा झोत करतो ना? आपोआप?"

"तो मी बंद केलाय. चार वर्षांपूर्वी बसवला तेव्हापासून."

"का?"

"आवाजानं झोप मोडते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे लिहावं तर नोकरी जाणारच, वर अब्रूही. न लिहावं तर एक तारखेनंतर खुर्ची रिकामी, झोत बंद, जाळी तुंबलेली आणि वरून गरम हवा. आग लागायला कितीसा वेळ? साहेबांना जाऊन सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू येत होतं.

साहेब तरातरा यंत्रापाशी आले. "आत्ताच्या आत्ता झोत चालू करा!"

सासऱ्यांनी मुकाट्यानं कळ दाबली आणि चार पावलं मागे सरकले. साहेब सरकले नाहीत. झोत भोंग्यासारखा ओरडला. जाळीवरचे तंतू उडाले ते थेट ड्रममध्ये, आणि तिथे मावले नाहीत ते साहेबांवर. चादरी मांजरासारख्या केसाळ होऊन बाहेर आल्या. साहेबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"पहिल्या दिवसापासून उलटा मारतो," सासरे म्हणाले. "तीनदा लिहून दिलं होतं."

"मग मला झोपेचं काय सांगितलंत?" मी ओरडले.

"झोपही मोडतेच की."

त्रेचाळिसावी चौकट साहेबांनी शिंकत शिंकत स्वतःच्या हातानं काढली. जाळी साफ करणे: सासरे. हे झालंच नाही तर, या रकान्यात मी लिहिलं, 'आग. सबब रजा देऊ नये.' हे ऐकून सासूबाईंनी त्या संध्याकाळी मला आग्रह करकरून वाढलं.

सासरे मात्र गप्प जेवत होते.

"बाबा, तुम्हाला चौकटीत घेतलं नाही म्हणून रागावलात?"

"चौकटीचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "तो तक्ता तू याच टेबलावर काढलास. तीन आठवडे मी समोर बसून होतो. रोज वाटायचं, आज विचारेल. एकदा खोडरबर मागितलंस."

इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. उठले, इस्त्रीच्या यंत्रासाठी आणलेला कोरा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"इस्त्रीचं यंत्र काय काय करतं, बाबा?"

ते हात धुऊन चष्मा घेऊन आले.

"आधी ताटं उचल," ते म्हणाले. "वेळ लागेल."