केरिन्सची मुदतवाढ

सभागृहाच्या दाराशीच चित्राने हृषीकेशला अडवलं.

"आज ठराव येणार ना?"

"येणार. पण वहिनी, पुन्हा सांगतो, पोलिसप्रमुखाला ठेवायचं की नाही हे इथे कौन्सिलच्या हातात नसतं. ते डब्लिनहून ठरतं. आम्ही नगरसेवक फक्त विनंती करू शकतो."

"मग विनंती करा."

मार्चमध्ये शॅनन गावातल्या कामावरून परतताना तिच्या नवऱ्याला, सतीशला, तिघांनी बसस्टॉपवर मारलं होतं. त्याचा डावा डोळा गेला. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता, कुणाशी धड बोलतही नव्हता. पोलिसप्रमुख, सुपरिंटेंडंट केरिन्स, मात्र दर रविवारी यायचे, चहा घेत बसायचे, आणि त्यांच्याशी सतीश क्रिकेटवर बोलायचा. आता त्यांचं निवृत्तीचं वय झालं होतं आणि हल्लेखोरांपैकी एकही सापडला नव्हता.

हृषीकेशने ठराव मांडला. सगळे हात वर गेले. केरिन्स उठले.

"आभारी आहे. पण मुदतवाढ मी मागितलेली नाही. दिली तरी घेणार नाही."

चित्राने त्यांना कार पार्कमध्ये गाठलं. बारीक पाऊस लागला होता.

"आम्हाला अर्ध्यावर सोडून चाललात?"

केरिन्सनी गाडीचं उघडलेलं दार पुन्हा लावलं.

"मी खुर्चीत असेपर्यंत ही केस पुढे जायची नाही, चित्रा. माझी माणसं माझ्यादेखत त्या मुलाला हात लावायला कचरतात. माझ्या जागी नवीन बाई येतील, त्या लावतील."

"कोणत्या मुलाला?"

"हे मी तुम्हाला सांगायला नको." त्यांनी दाराच्या मुठीवरचा हात काढला. "माझ्या बहिणीचा मुलगा आहे."

चित्राने छत्री उघडली नव्हती. ती तशीच हातात धरून उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"ऑगस्टमध्ये."

आता नोव्हेंबर होता. ती वळून तशीच पावसात घराकडे चालू लागली.

ती घरी पोचली तेव्हा सतीश टीव्हीसमोर बसला होता. त्याने चक्क दाढी केली होती.

"राहणार का गं ते?"

"नाही."

"अच्छा." त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "पण घरी येतील ना? नोकरी नसली तरी माणूस येऊ शकतो."

कोट न काढताच चित्रा त्याच्याजवळ बसली आणि तिने टीव्ही बंद केला.