वांग्यांवरचा दगड

किल्ल्याच्या दारात तिकिटं फाडता फाडता नजाह इतिहास शिकली, तोही प्रवाशांनी विसरलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे तो दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय तिला राहवत नसे. युरोपातून लढायला आलेल्या फ्रँकांनी टेकडीवर किल्ला बांधला, सुलतानाच्या फौजेनं तो घेतला, आणि मग गावानं थोडा थोडा करून घरी नेला.

यंदा तिनं मोहीमच काढली. पाथरवटाची खूण असलेला दगड ज्याच्या घरी असेल, त्यानं वर आणून द्यायचा. बाण, मासा, चंद्रकोर अशी चित्रं काढून तिनं घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या. शेजारच्या उम्म अदीबनं दाराची पायरी उपटून दिली. तेव्हापासून ती स्वतःच्या घरात उडी मारून शिरे.

मकदूस, म्हणजे अक्रोड भरून तेलात मुरवलेली वांगी, घालायच्या दिवसांत उम्म अदीब अक्रोड फोडायला आली. उकडून मीठ लावलेली वांगी दोन दिवस सासूबाईंच्या दगडाखाली दबली होती. नजाहनं तो उचलून पालथा ठेवला.

तळाला मासा होता.

तीस वर्षं ती त्या रेघांतलं मीठ काडीनं कोरून काढत होती. पाणी निथळायला कुणा शहाण्यानं पन्हळ पाडलीय, असं तिनं मुलींनाही समजावलं होतं.

"छान आहे," उम्म अदीब म्हणाली. "तुझ्या चिठ्ठीवरचा जरा लठ्ठ होता."

"पन्हळ आहे ती."

"मग माझी पायरीही पन्हळच होती. आणून दे."

"अगं, सासूबाईंची आठवण आहे ही."

"त्या पायरीवर पाऊल ठेवून मी नवरी म्हणून आत आले. तेव्हा तू काय म्हणालीस? आठवण दगडाशिवायही राहते."

म्हणाली होती खरी. भाषणात करतात तसा हातही उंचावला होता.

दगड परत सुलटा ठेवला असता, तर मासा दिसला नसता. नजाहनं तेवढा विचार केलाही. मग तिनं ओढणीच्या टोकाला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी दोघींनी हातगाडीवरून दगड वर नेला. घरी वांगी आता गॅसच्या सिलिंडरखाली दबली होती.

नजाह दगडाची चिठ्ठी लिहायला बसली. 'बुरुजाचा दगड. खूण मासा. नंतर वांगी दाबायला, तीस वर्षं. त्याआधी सासूबाईंकडे.' शेजारी उम्म अदीबची पायरी होती. तिच्या चिठ्ठीवर नजाहच्याच अक्षरात फक्त 'गावात सापडला' होतं. तिनं ती काढून फाडली.

"तुझं लग्न कुठल्या साली गं?"

"लिही, सांगते. आणि आता उडी मारते, तेही लिही."