चंद्रभान सरांची कॅचर-पारख

चंद्रभान सरांनी आयुष्यात एकदाही कॅचरचा मास्क तोंडावर चढवला नव्हता. तरी जिल्ह्यातल्या कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणाऱ्या मुली पारखायचं काम बेसबॉल संघटनेनं त्यांच्याकडेच दिलं, कारण ऑनलाइन शिबिराचं प्रमाणपत्र एकट्या त्यांच्यापाशी होतं. शिबिर दोन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली होती, हे सरांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी एकवीस मुद्द्यांचा तक्ता बनवला. बसण्याची ढब, उठण्याची ढब, नजर, आवाज, व्यक्तिमत्त्व. चेंडू पकडणं अकराव्या क्रमांकावर होतं.

निवड चाचणीला पंधरा वर्षांखालच्या दोनच कॅचर आल्या. मोनाली म्हणजे संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी. उंच, ऐटदार, हातात कोरं विदेशी मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा. दुसरी अस्मिता, ठेंगणी, अबोल, मिट दोन ठिकाणी मोच्याकडून शिवून घेतलेलं. तिला पुष्पलता मॅडमनी शाळेच्या मुरमाड मैदानावर तीन वर्षं घडवलं होतं. टप्पा पडून उसळणारा चेंडू छातीवर घ्यायचा, पण मागे जाऊ द्यायचा नाही, एवढाच मॅडमचा अभ्यासक्रम.

अस्मितानं दहाच्या दहा चेंडू अडवले आणि दुसऱ्या बेसकडे पळणारीला फेकीवर बाद केलं. सरांनी लिहिलं, ‘ओरडत नाही. नेतृत्व शून्य.’ मोनालीचे सहा चेंडू मागे गेले. सरांनी लिहिलं, ‘चेंडू सुटला तरी चेहरा प्रसन्न.’

मॅडमना राहवलं नाही. "सर, पोरगी तिकडे बॉल पकडून राहिली, अन् तुम्ही कागदात काहून पाहून राहिले?"

"मॅडम, बॉल तर कोणीबी पकडते," सर दयेनं हसले. "आपल्याले कॅचर पाहिजे."

मोनालीला शंभरपैकी एकोणनव्वद गुण मिळाले, अस्मिताला बेचाळीस. अस्मिता राखीव म्हणून संघात गेली.

राज्य स्पर्धेतले पहिले दोन सामने संघ कसाबसा जिंकला, तोही फलंदाजीच्या जोरावर. तिसऱ्यात मात्र चेंडू मोनालीच्या मागे गेला की समोरच्या मुली फिरायला निघाल्यासारख्या बेस पार करू लागल्या. तिसऱ्या इनिंगनंतर मोनाली सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, मले भेव लागून राहिलं. अस्मिताले पाठवा ना."

"अशी कशी पाठवू? तक्त्यात तुला एकोणनव्वद आहेत!"

"मंग तक्त्यालेच बसवा!" मोनालीनं मास्क काढला आणि सरांकडे न बघता अस्मिताच्या हातात दिला.

अध्यक्षांच्या पुतणीला रागवायचं कसं, हे शिबिरात शिकवलं नव्हतं. अस्मितानं त्या सामन्यात तिघींना दुसऱ्या बेसवर बाद केलं, आणि संघ अखेर तिसरा आला.

शहरातल्या सदर भागातल्या एका सभागृहात सत्कार झाला. माइक सरांकडे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. "या मुलीला पाहिलं त्याच दिवशी मी ओळखलं," सर म्हणाले. "मुद्दाम बाकावर बसवून तिची भूक वाढवली!" पुष्पलता मॅडम चौथ्या रांगेत होत्या. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणे.

मग अस्मिताला बोलायला लावलं. पोरगी दोन वाक्यांत आटपेल, अशी सरांची खात्री होती.

"सरनं मले दोन मॅच बाकावर बसवलं," ती म्हणाली. "तिथून मले समजलं, समोरच्या पोरी पळाच्या आधी टाच उचलते. सर माह्या बाजूलेच बसले होते. त्यायले ते काही दिसलं नाही."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले, म्हणून सरही हसले. कान तेवढे तापले होते.

"पकडणं मले मॅडमनं शिकवलं," एवढं बोलून अस्मिता खाली उतरली आणि हातातला गुच्छ तिनं चौथ्या रांगेत नेऊन दिला. टाळ्या वाजायला लागल्या. फोटोत आपण असायलाच हवं, म्हणून सर लगबगीनं धावले आणि दोघींच्या पुढ्यात ताठ उभे राहिले.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

"सर, जरा बाजूले व्हा ना. मॅडम दिसून नाही राहिल्या."